कर, आयात आणि राष्ट्राची पत

घरातले सोने गहाण टाकण्याची वेळ येणे हे आपल्याकडे अब्रूचे संकट मानले जाते. पीक बुडाले, आजारपण आले, मुलीचे लग्न निघाले, तरी गृहस्थ आधी चार ठिकाणी हात पसरतो, आणि सारे उपाय खुंटले म्हणजे मगच पत्नीच्या दागिन्यांचा डबा उघडतो. १९९१ साली सबंध भारत देशावर हाच प्रसंग ओढवला. त्या वर्षीच्या मे महिन्यात सरकारने चोरट्या व्यापारातून जप्त केलेले २० टन सोने स्टेट बँकेमार्फत परदेशी पाठविले आणि त्यावर सुमारे २० कोटी डॉलर उभे केले. तेवढ्याने भागले नाही म्हणून जुलै महिन्यात रिझर्व्ह बँकेने आपल्या साठ्यातील सुमारे ४७ टन सोने बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपान यांच्याकडे तारण ठेवून आणखी सुमारे ४० कोटी डॉलर मिळविले. परकीय चलनाची गंगाजळी त्या वेळी जेमतेम पंधरवड्याच्या आयातीस पुरेल इतकीच उरली होती.

अशा अवस्थेत सत्तेवर आलेल्या सरकारने काय करावयास हवे होते? सामान्य व्यवहारबुद्धी सांगेल की डॉलर नाहीत तर आयात बंद करावी आणि तिजोरीत पैसा नाही तर कर वाढवावेत. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण तर सर्वांच्या तोंडी होती. प्रत्यक्षात सरकारने पुढील तीन-चार वर्षांत आयातीवरील परवान्यांची बंधने सैल केली, जकातीचे दर पायरीपायरीने खाली आणले आणि प्राप्तिकराचा कमाल दरही उतरविला. हे धोरण अनेकांना त्या वेळी उफराटे वाटले आणि काहींना आजही वाटते. ते तसे का नव्हते, हे समजून घेणे अगत्याचे आहे. कारण संकटाच्या काळी सरकारने कोणाकडून किती घ्यावे आणि कोणाला काय आणू द्यावे हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे पुन्हा उभा राहतो.

प्रथम संकटाची मुळे पाहावी. १९८० नंतरच्या दशकात देशाची वाढ वेगाने झाली खरी, परंतु ती पुष्कळ अंशी उसनवारीवर झाली. १९९०-९१ मध्ये केंद्र सरकारची राजकोषीय तूट राष्ट्रीय उत्पन्नाच्या ८ टक्क्यांच्या आसपास पोहोचली होती, आणि परदेशांशी होणाऱ्या व्यवहारातील चालू खात्याची तूट ३ टक्क्यांच्या घरात होती. अशा नाजूक वेळी, २ ऑगस्ट १९९० रोजी, इराकने कुवेतवर आक्रमण केले. खनिज तेल महागले. आखातात राबणारे दीड लाखाहून अधिक भारतीय विमानांनी मायदेशी आणावे लागले आणि केरळातील, तसेच कोकणातील अनेक घरांकडे दरमहा येणारा पैसा थांबला. परदेशस्थ भारतीयांनी येथील बँकांतल्या आपल्या ठेवी काढून घेण्यास प्रारंभ केला. दिल्लीत सरकारे बदलत होती; मार्च १९९१ मध्ये पूर्ण अर्थसंकल्पही मांडता आला नाही. सावकाराला ऋणकोच्या घरातील भांडणे ऐकू आली की तो नवे कर्ज देत नाही आणि जुने मात्र मागू लागतो. राष्ट्रांच्या बाबतीतही तेच घडते.

व्यवहारबुद्धीने सुचणारा उपाय करून पाहिला गेला नाही, असे मात्र नाही. १९९१ च्या वसंतात आयात करू इच्छिणाऱ्याने बँकेत मालाच्या किमतीच्या दुप्पट रोख अनामत ठेवली पाहिजे, असा नियम रिझर्व्ह बँकेने केला. त्याचा परिणाम झालाही. १९९१-९२ मध्ये डॉलरात मोजलेली आयात सुमारे एक पंचमांशाने घटली. परंतु आपल्या देशाची आयात म्हणजे अत्तरे आणि घड्याळे नव्हेत. तिच्यात खनिज तेल, खते, रसायने, धातू, यंत्रे आणि यंत्रांचे सुटे भाग यांचाच भरणा असतो. ते येईनासे झाल्यावर कारखाने मंदावले, त्या वर्षी औद्योगिक उत्पादनाची वाढ जवळजवळ थांबली आणि निर्यातही किंचित घटली. म्हणजे पाय आखडून घेतले तसे अंथरूणही आखूड होत चालले. आयात रोखून डॉलर वाचतात. परंतु निर्यातीचा माल ज्या कच्च्या मालापासून बनतो तोच अडला, तर उद्याचे डॉलर येण्याचा मार्गही बंद होतो.

हे ध्यानात येण्यासाठी आयात-नियंत्रणाची जुनी घडण थोडक्यात पाहिली पाहिजे. ही पद्धती महायुद्धाच्या काळात, १९४० साली, जहाजांतील अपुरी जागा जपून वापरण्यासाठी सुरू झाली. स्वातंत्र्याच्या वर्षी तिला कायद्याचे रूप मिळाले आणि १९५७ च्या परकीय चलनटंचाईनंतर ती अधिक कठोर झाली. हेतू चांगला होता. दुर्मिळ चलन चैनीवर उधळले जाऊ नये आणि बाल्यावस्थेतील उद्योगांना आडोसा मिळावा, ही त्यामागील इच्छा होती; त्या आडोशाखाली देशाने पोलाद, यंत्रसामग्री आणि औषधे बनविण्याचे कौशल्य मिळविले हेही नाकारता येत नाही. परंतु वस्तू आणू द्यावयाची की नाही हे ठरविताना कचेरीत दोनच कसोट्या लावल्या जात. ती अत्यावश्यक आहे काय, आणि ती देशात मिळत नाही ना? देशात मिळणारी वस्तू किती महाग आहे, कितपत टिकाऊ आहे आणि किती महिन्यांनी हाती पडते, या प्रश्नांना त्या कागदावर जागाच नव्हती. दर कारखान्याची खरी गरज किती हे दिल्लीतील टेबलावर बसून ठरविणे कोणत्याही अधिकाऱ्याला, तो कितीही सचोटीचा असला तरी, शक्य नव्हते. परवाना हीच मग एक मालमत्ता झाली. ज्याला तो मिळाला त्याला माल न बनवताही नफा होऊ लागला. आणि जो नफा सरकारी तिजोरीत कराच्या रूपाने जावयाचा तो परवानेधारकाच्या खिशात गेला.

जुलै १९९१ मधील निर्णयांचे मर्म येथे आहे. पंतप्रधानपदी पी. व्ही. नरसिंह राव होते. ते मराठीचे चांगले जाणकार होते आणि पूर्वी दोनदा रामटेक मतदारसंघातून लोकसभेवर गेले होते. अर्थमंत्री डॉ. मनमोहन सिंग होते. १ आणि ३ जुलै रोजी दोन टप्प्यांत रुपयाचे अवमूल्यन झाले, आणि डॉलरची किंमत सुमारे २१ रुपयांवरून सुमारे २६ रुपयांवर गेली. लगेच ४ जुलैला नवे व्यापारधोरण जाहीर झाले. निर्यातदारांना मिळणारे रोख अनुदान बंद करण्यात आले. त्याऐवजी निर्यात केलेल्या मालाच्या किमतीच्या ३० टक्क्यांइतका आयातीचा हक्क देणारे पत्र, म्हणजे एक्झिम स्क्रिप, त्यांना मिळू लागले. हे पत्र बाजारात विकताही येई.

वरवर पाहता हा किरकोळ कारकुनी फेरफार वाटतो. परंतु त्याने आयातीची किल्ली कचेरीतून काढून निर्यातदाराच्या हाती दिली. कोल्हापूरच्या किंवा कोइमतूरच्या एखाद्या ओतशाळेचे उदाहरण घेऊ. तेथे पंपांचे भाग ओतून परदेशी पाठविले जातात असे समजा. पूर्वी मालकाला विशिष्ट मिश्रधातूसाठी अर्ज करून महिनोन्‌महिने थांबावे लागे. आता जितका माल तो बाहेर पाठवी, त्या प्रमाणात आयातीचा हक्क त्याला आपोआप मिळू लागला. स्वतःला गरज नसेल तर तो हक्क तो दुसऱ्या कारखानदाराला विकी. देशात येणाऱ्या आयातीचा काही भाग अशा रीतीने देशाने मिळविलेल्या डॉलरांशी जोडला गेला. गंगाजळी रिकामी असताना आयात सैल करणे हे धाडस का ठरले नाही, याचे पहिले उत्तर या जोडणीत आहे.

दुसरे उत्तर साध्या हिशेबाने कळते. परदेशात १ डॉलरला मिळणारी एखादी वस्तू घ्या. डॉलर २१ रुपयांना असताना तीवर १५० टक्के जकात असेल, तर ती येथे साडेबावन्न रुपयांना पडे. १९९४ साली डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता आणि जकातीचा कमाल दर ६५ टक्के झाला होता. त्या हिशेबाने तीच वस्तू ५१ रुपये १५ पैशांना पडू लागली. देशी कारखानदाराच्या डोक्यावरील छत्र अंकांच्या हिशेबाने जवळजवळ तेवढेच राहिले. मधल्या काळात देशातील किमती वाढल्या होत्या, म्हणून प्रत्यक्षात ते थोडे आखूड झाले हे खरे. पण दरवाजे एका रात्रीत सताड उघडले गेले, हा आरोप या हिशेबापुढे टिकत नाही. आता त्याच हिशेबाची दुसरी बाजू पाहा. १ डॉलरचा माल परदेशी विकणाऱ्याला पूर्वी २१ रुपये मिळत, ते आता ३१ मिळू लागले. जकातीची भिंत फक्त आयातीला अडविते आणि देशात विकणाऱ्याला सांभाळते. विनिमयाचा योग्य दर आयातीला आवर घालतो आणि त्याच वेळी निर्यातीलाही बळ देतो. एका साधनाच्या जागी दुसरे, अधिक न्याय्य साधन आले. धोरणाचा गाभा एवढाच होता.

हा बदल बेताबेतानेच झाला. जकातीचा कमाल दर १९९१ पूर्वी काही वस्तूंवर ३०० टक्क्यांहूनही अधिक होता. तो त्या वर्षी १५०, १९९२ मध्ये ११०, १९९३ मध्ये ८५, १९९४ मध्ये ६५ आणि १९९५ मध्ये ५० टक्के करण्यात आला. यंत्रे, कच्चा माल आणि सुटे भाग यांच्यापैकी बहुतेकांवरील परवान्याचे बंधन १९९२ मध्ये उठले. उपभोग्य वस्तूंवरील बंधने मात्र पुष्कळ काळ राहिली आणि त्यांतली शेवटची १ एप्रिल २००१ रोजी दूर झाली. विनिमयदराच्या बाबतीतही तोच क्रम दिसतो. मार्च १९९२ पासून निर्यातदाराने मिळविलेल्या चलनापैकी ४० टक्के सरकारी दराने आणि ६० टक्के बाजारभावाने बदलले जाई. वर्षभर ही दुहेरी व्यवस्था पारखून पाहिल्यावर मार्च १९९३ मध्ये दोन्ही दर एक करण्यात आले.

सोन्याचेच उदाहरण या विचाराचा सर्वांत बोलका पुरावा आहे. १९६३ च्या सुवर्णनियंत्रणाने सोनारांच्या हजारो घरांतील भट्ट्या विझल्या. पण लोकांची सोन्याची हौस विझली नाही, आणि सोने किनाऱ्यावरच्या चोरवाटांनी येत राहिले. त्याची किंमत हवाल्याच्या मार्गाने चुकती होत असल्याने परदेशांत राबणाऱ्या भारतीयांची कमाई बँकेत येण्याऐवजी त्या वाटेने जाई. सुवर्णनियंत्रणाचा कायदा १९९० मध्ये रद्द झाला, आणि १९९२ मध्ये परदेशांतून परतणाऱ्या भारतीयांना परकीय चलनात जकात भरून ५ किलोपर्यंत सोने उघडपणे आणण्याची मुभा मिळाली. जे थांबविता येत नव्हते त्यावर सरकारने माफक कर घेतला. चोरट्या व्यापाऱ्याचा नफा घटला आणि तिजोरीत भर पडली.

करांचा विचारही याच न्यायाने झाला. १९७३-७४ मध्ये प्राप्तिकराचा कमाल दर अधिभारासह ९७.७५ टक्के होता; म्हणजे सर्वांत वरच्या पायरीवरील शंभर रुपयांच्या मिळकतीतले जेमतेम सव्वादोन रुपये प्रामाणिक माणसाच्या हाती राहत. अशा दराने श्रीमंतांची संपत्ती समाजाकडे येत नाही. तिच्या नोंदी तेवढ्या वहीतून नाहीशा होतात. पुढे हे दर बरेच उतरले, तरी १९९१ मध्ये ते अधिभारासह ५६ टक्के होते. त्याच वर्षी डॉ. राजा चेलय्या यांच्या अध्यक्षतेखाली करसुधारणा समिती नेमली गेली. तिच्या शिफारशींच्या आधारे १९९२ च्या अर्थसंकल्पात २०, ३० आणि ४० टक्के अशा तीनच पायऱ्या ठेवण्यात आल्या आणि करमुक्त मिळकतीची मर्यादा २८,००० रुपये झाली. मोठ्या मिळकतींवरील अधिभार दोन वर्षांनी गेला.

येथे एक गोष्ट विसरता कामा नये. संकट अगदी ऐन भरात असताना, २४ जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात, कर कमी झाले नव्हते. कंपन्यांवरील कराचा दर त्या वेळी ५ टक्क्यांनी वाढविण्यात आला, यंत्रांच्या घसाऱ्यावरील सवलत कमी झाली आणि पेट्रोलही महागले. आधी घर सावरले आणि मग करांची फेररचना झाली. दर उतरल्यानंतर काय घडले ते आकडे सांगतात. वैयक्तिक प्राप्तिकराचे उत्पन्न १९९०-९१ मध्ये सुमारे ५,४०० कोटी रुपये होते. १९९५-९६ मध्ये ते सुमारे १५,६०० कोटींवर गेले. याच काळात चालू किमतींनुसार राष्ट्रीय उत्पन्न दुपटीहून थोडेसेच अधिक झाले होते. मिळकत वाढली त्यापेक्षा कर अधिक वेगाने वाढला, आणि तोही कमी दराने.

कररचनेचा समतोलही बदलला. १९९०-९१ मध्ये केंद्राच्या एकूण करउत्पन्नात जकातीचा वाटा एक तृतीयांशाहून अधिक होता आणि मिळकतीवरील करांचा वाटा एक पंचमांशाहूनही कमी होता. जकात आणि उत्पादनशुल्क शेवटी वस्तूंच्या किमतीत मिसळून गरीब-श्रीमंत सर्वांच्या माथी पडतात. १९९४ मध्ये दूरध्वनी, सर्वसाधारण विमा आणि शेअर दलाली या तीन सेवांवर ५ टक्के कर बसवून सरकारने आजवर मोकळ्या राहिलेल्या क्षेत्रात पहिले पाऊल टाकले. पुढे २००७-०८ पर्यंत मिळकतीवरील करांचा वाटा निम्म्याहून अधिक झाला. ज्याला झेपते त्याच्याकडून घ्यावे, हे करनीतीचे जुने तत्त्व आहे. उंच दरांनी ते कागदावर पाळले होते. प्रत्यक्षात ते माफक दरांनीच अधिक पाळले गेले.

या धोरणावरील आक्षेपांचा विचार केल्यावाचून त्याचे समर्थन पुरे होत नाही. हे सारे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने लादले, असे म्हटले जाते. निधीचे कर्ज घेतले गेले आणि त्याला अटी होत्या, हे खरे आहे. परंतु परवान्यांऐवजी कर व दर यांच्या द्वारे नियमन करावे, ही शिफारस १९७८ ची अलेक्झांडर समिती, १९८४ ची अबिद हुसेन समिती आणि १९८५ ची नरसिंहम समिती यांनी आधीच केली होती. औषध घरातल्या वैद्याने लिहून ठेवले होते. ते घेण्याची निकड तेवढी संकटाने निर्माण केली. १९९३ नंतर देशाला नाणेनिधीकडे पुन्हा कर्ज मागावे लागले नाही, हेही लक्षात घ्यावे.

देशी उद्योगांची तक्रार अधिक विचारात घेण्याजोगी आहे. १९९३ मध्ये मुंबईत काही प्रमुख उद्योगपती एकत्र आले आणि परकीयांशी स्पर्धा करावयाची तर मैदान समतल हवे, अशी मागणी त्यांनी केली. येथील कारखानदाराला महाग व्याज, अपुरी वीज आणि खराब रस्ते सोसावे लागत, हे त्यांचे म्हणणे खरे होते. परंतु या उणिवांवर उंच जकात हा इलाज नव्हे. तिचा भार त्यांच्या मालाच्या गिऱ्हाइकावर पडतो, आणि ते गिऱ्हाईक पुष्कळदा दुसरा लहान कारखानदारच असते.

सर्वांत गंभीर आक्षेप गरिबांच्या वतीने घेतला जातो. ऑगस्ट १९९१ मध्ये घाऊक किमतींची वाढ जवळजवळ १७ टक्क्यांवर पोहोचली होती आणि तिची झळ मजुराला सर्वांत अधिक लागली. खतांच्या किमती अर्थसंकल्पात ४० टक्क्यांनी वाढविल्या होत्या. लोकसभेतील विरोधानंतर ती वाढ ३० टक्क्यांवर आली आणि लहान शेतकऱ्यांना तीतून वगळण्यात आले. तूट आवरताना कात्री लागली ती पुष्कळदा भांडवली खर्चाला, कारण पगार आणि व्याज यांत काटछाट करता येत नव्हती. जकात उतरल्याने केंद्राचे एकूण करउत्पन्न राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे १० टक्क्यांवरून १९९३-९४ मध्ये ९ टक्क्यांच्या खाली आले, आणि त्या वर्षी तूट पुन्हा ७ टक्क्यांवर गेली. हे दोष झाकण्यासारखे नाहीत. कर आणि आयात यांची सुधारणा देशाला पुन्हा कमावते करू शकते. त्या कमाईतून शाळा, दवाखाने आणि पाटबंधारे उभारणे हे निराळे काम आहे आणि त्यात कसूर झाली तर तिचा दोष आयातधोरणावर टाकून सुटका होत नाही.

हेच प्रयोग पूर्वीही झाले होते, याचे स्मरण ठेवावे. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला आणि आयातही काही काळ सैल झाली. परंतु लागोपाठ दुष्काळ पडले, अपेक्षित परकीय मदत पुरती आली नाही, आणि देश लवकरच जुन्या नियंत्रणांकडे वळला. १९९१ मध्ये पाऊल मागे घेतले गेले नाही. अवमूल्यन, व्यापारधोरण, अर्थसंकल्प आणि करसुधारणा ही एकाच दिशेने, एकामागून एक येत राहिली, आणि पुढे आलेल्या निरनिराळ्या पक्षांच्या सरकारांनीही ती दिशा बदलली नाही. धोरण किती उत्तम आहे यापेक्षा ते टिकेल काय, हेच व्यापारी आणि सावकार आधी पाहतात.

त्या सातत्याचे फळ दिसून आले. १९९३-९४ पासून सलग तीन वर्षे डॉलरात मोजलेली निर्यात दरवर्षी १८ ते २१ टक्क्यांनी वाढली. मार्च १९९४ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी, सोने वगळूनही, सुमारे १,५०० कोटी डॉलर झाली होती. १९९४ ते १९९७ या तीन वर्षांत राष्ट्रीय उत्पन्न दरसाल सुमारे ७ टक्क्यांनी वाढले. आयात सैल केल्यावर देश डॉलरांना मुकेल, हे भाकीत खोटे ठरले.

तारण ठेवलेले सोने तर १९९१ साल संपण्यापूर्वीच कर्ज फेडून मोकळे झाले. त्यानंतर १८ वर्षांनी, नोव्हेंबर २००९ मध्ये, जगभर मंदीचे सावट असताना, रिझर्व्ह बँकेने त्याच नाणेनिधीकडून २०० टन सोने रोख डॉलर मोजून विकत घेतले. घराण्याची अब्रू गहाण पडलेल्या दागिन्यांनी जात नाही. ते सोडवून आणण्याची ताकद घरातल्या माणसांच्या हातांत राहिली आहे काय, यावर ती ठरते. १९९१ च्या कर आणि आयात धोरणाने ते हात बांधून ठेवण्याऐवजी मोकळे केले. त्या धोरणाच्या बाजूने सांगण्यासारखी मुख्य गोष्ट हीच आहे.